दहा शेअर आणि एक काळी रेघ

मित्रांनो, तुमच्या गावात मला झेरॉक्सचे मशीन म्हणतात, आमच्या ठुलोबगर बाजारात फोटोकॉपी. काम एकच: काचेवर ठेवलेला कागद जसाच्या तसा दुसऱ्या कागदावर उतरवायचा. वयाने मी आता बराच जुना झालो आहे. माझ्या पोटातला आकडा सांगतो की आजवर मी सहा लाखांवर नकला काढल्या. त्यांतल्या बहुतेक मी विसरलो. एका रविवारी दुपारी काढलेल्या तेहतीस मात्र विसरू शकत नाही.

माझी सुरुवातीची वर्षे पोखरा शहरातल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात गेली. तिथे नवे यंत्र आले आणि निर्जला शेरचन यांनी मला विकत घेतले. बसच्या टपावर, दोन बोकड आणि कांद्याची पोती यांच्या मधोमध, गादीत गुंडाळून मी डोंगर चढलो. सिमखोला नदीच्या काठी, बसथांब्यासमोर निर्जलांचे दुकान होते. वह्या, मेणबत्त्या, नूडल्स, मोबाईलचे रिचार्ज आणि कोपऱ्यात मी.

मी काम कसे करतो ते सांगतो, कारण पुढे त्याची गरज लागणार आहे. माझ्या आत एक गुळगुळीत नळकांडे आहे. त्याला ड्रम म्हणतात. अंधारात त्याच्यावर विजेचा भार चढतो. मग दिवा कागदाखालून सरकतो. कागद जिथे कोरा, तिथून उजेड परतून ड्रमवर पडतो आणि तिथला भार निघून जातो. जिथे काळे अक्षर, तिथला भार तसाच राहतो. केस विंचरलेला कंगवा कागदाच्या कपट्यांजवळ नेला की कपटे उडी मारून चिकटतात ना? तशीच काळी पूड त्या उरलेल्या भाराला चिकटते, तिथून कागदावर उतरते आणि तापलेल्या रुळाखाली वितळून कायमची बसते. यात जादू काही नाही. पण पहिली नक्कल हातात आली की आमच्याकडची म्हातारी माणसे ती अजूनही नाकाजवळ नेतात, कारण ती गरम असते आणि तिला वेगळाच वास येतो.

पहिली काही वर्षे मी शाळेच्या गुणपत्रिका काढल्या, कतारला निघालेल्या मुलांचे पासपोर्ट काढले. मग शेअरचे दिवस आले.

एखाद्या कंपनीला मोठे काम करायचे असते तेव्हा ती आपल्या मालकीचे सारखे लहान भाग पाडते. असा एक भाग म्हणजे शेअर. ते भाग कंपनी पहिल्यांदा सगळ्या लोकांसाठी विकायला काढते, त्याला आयपीओ म्हणतात. आमच्या देशात असा शेअर बहुधा शंभर रुपयांचा आणि अर्ज निदान दहा शेअरचा. मागणारे लाखो आणि शेअर थोडे, म्हणून सोडत निघते. शिक्षिका, बसचा कंडक्टर, खानावळवाली, भिक्षू, सगळे अर्ज भरत. प्रत्येक अर्जाला नागरिकतेच्या कागदाची, म्हणजे आमच्या सरकारी ओळखपत्राची, नक्कल लागे. रांग दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत जाई.

"काका, घरातल्या आठही माणसांचे अर्ज भरले?" कोणी विचारी.

"भरले की. म्हशीची नागरिकता निघाली असती तर नऊ झाले असते."

त्या दिवसांत माझे फार कौतुक होते. खालच्या बाजारातून माणसे दोन तास चढून येत, कारण माझ्या नकलेवरचा अंगठ्याचा ठसासुद्धा रेषांसकट उमटे.

पुढे मोबाईलवरून अर्ज होऊ लागले. एकदा खाते उघडले की झाले, नक्कल लागेना. माझ्यावर फुलाफुलांचे प्लॅस्टिकचे कापड आले आणि कापडावर अंड्यांचे ट्रे. मी महिनोन् महिने गप्प बसून राहिलो. ओल आत शिरली, ड्रमवर एक बारीक ओरखडा उठला. त्यानंतर मी कधी चालू झालो तर प्रत्येक नकलेवर डाव्या कडेपासून चार बोटांवर, वरपासून खालपर्यंत, एक काळी रेघ पडू लागली. निर्जला म्हणत, "अजून वाचता येतंय ना? मग चालतंय."

अशात एके दिवशी आमच्याच नदीवरच्या जलविद्युत कंपनीची सूचना दुकानाच्या फळीवर चिकटली. कंपनीने सिमखोल्याचे पाणी बोगद्यात वळवले होते आणि खाली नेऊन त्यावर वीज करायला सुरुवात केली होती. अशा कंपनीची पहिली विक्री आधी त्या भागातल्या लोकांसाठी असते. प्रकल्पाची झळ ज्यांना बसली त्यांचा हिस्सा राखून ठेवलेला असतो. उरलेल्या देशाची पाळी नंतर. अट एवढीच की हे राखीव शेअर तीन वर्षे विकता येत नाहीत.

सूचनेत लिहिले होते: 'वॉर्ड क्रमांक तीनचे रहिवासी'. आमच्या वरच्या वस्तीतल्या माणसांनी ती वाचली आणि मान हलवून निघून गेली. "आपण सातवाले. हे तीनवाल्यांचं आहे."

काही वर्षांपूर्वी देशभर गावांची नव्याने मांडणी झाली होती. जुनी गावे एकत्र करून मोठी गावपालिका केली, वॉर्डांना नवे क्रमांक दिले. जुना सातवा वॉर्ड नव्या तिसऱ्यात गेला. पण नागरिकतेच्या कागदावर जुनाच सात राहिला, आणि माणसांच्या तोंडातही. आमचा व्हॉलीबॉलचा संघ आजही 'सातवाले' या नावानेच खेळतो.

दोन दिवसांनी दूरच्या बुटवल शहरातून टेकेंद्र भुसाल नावाचे गृहस्थ आले. जाकीट घातलेले, गोड बोलणारे. निर्जलांच्या बाकावर बसून त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

"सर, आम्ही सातवाले. आम्हाला कसे मिळणार शेअर?" तिलसरा पुन यांनी विचारले. त्यांचे घर नदीकडे उतरणाऱ्या पायवाटेवर होते.

"म्हणूनच तर मी आलोय, दिदी. तुमच्या हातून हे व्हायचं नाही. माझी वर ओळख आहे. खातं मी उघडतो, अर्जाचे पैसे माझे, वर तुमच्या हातावर रोख दोन हजार. तुम्ही फक्त अंगठा द्या. तीन वर्षांनी शेअर माझे. तुमचं काय गेलं?"

"खरंच, आपलं काय गेलं?" तिलसरा म्हणाल्या आणि अंगठा पुढे केला.

माझ्यावरचे अंड्यांचे ट्रे उतरवले गेले, आणि पुढच्या काही दिवसांत मी तो करारनामा बेचाळीस वेळा काढला. मजकूर एकच, वरचे नाव तेवढे वेगळे. पुन्हा काम मिळाले म्हणून मला आनंदच झाला, हे कबूल करतो. यंत्राला कागद कळतो, त्याचा अर्थ माणसाने लावायचा असतो.

त्रेचाळिसाव्या होत्या सुनकेसरी गर्बुजा. वय चौपन्न. नवरा जाऊन नऊ वर्षे झाली होती, मुलगा मलेशियात होता. चाळिशीनंतर त्या प्रौढांच्या वर्गात लिहायला-वाचायला शिकल्या होत्या. त्यांनी अंगठा दिला नाही. करारनामा घेतला, जमिनीवर बसल्या आणि प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत मोठ्याने वाचू लागल्या.

"ए भाउजू," रांगेतून नात्याने दीर लागणारा एकजण ओरडला, "तुमचं वाचून होईपर्यंत तीन वर्षं उलटतील!"

"उलटू देत. तोवर तू दाढी करून ये. बरा दिसशील."

रांग हसली. सुनकेसरी वाचतच राहिल्या. तिसऱ्या परिच्छेदावर त्यांचे बोट थांबले.

"'या शेअरवर मिळणारा लाभांश आणि सभेत मत देण्याचा हक्क दुसऱ्या पक्षाचा राहील.' लाभांश कळला. हे सभेतलं मत काय असतं, सर?"

"ते काही नाही, आमा. वर्षातून एकदा बैठक असते. चहा-बिस्किटं मिळतात."

"चहा-बिस्किटांसाठी एवढी मोठी ओळ लिहिलीत?"

भुसाल सर हसले, पण थोडे उशिरा. सुनकेसरींनी पान उलटले. "आणि हा मोबाईल नंबर कुणाचा? माझा तर नाही."

"सगळ्यांच्या अर्जात माझाच घातलाय. तुम्हाला मेसेज वाचायचा त्रास नको म्हणून."

"मी मघापासून काय करतेय मग?"

आता रांग हसली नाही. सुनकेसरींनी कागदाची नीट घडी घातली आणि परत दिला.

"तुमची मर्जी," भुसाल सर म्हणाले. "पण सातवाल्यांना सरळ अर्ज करून मिळत नाही, एवढं सांगून ठेवतो."

सुनकेसरी दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "सर, मी एकल महिलेचा भत्ता दर चार महिन्यांनी उचलते. तो तीनच्या कार्यालयातून मिळतो. भत्ता घेताना मी तीनची आणि शेअर घेताना सातची, हे कसं?"

निर्जलांनी फळीवरची सूचना पुन्हा एकदा वाचली, मग कपाळावर हात मारला. "दिदी, हा नवा तीन आहे! आपला जुना सात याच्याच पोटात गेलाय. मी रोज या कागदासमोर बसते आणि माझ्या डोक्यात आलं नाही."

"मग काय काय लागेल ते सांग, बहिनी. एकेक सांग, मी लक्षात ठेवते."

धाकट्या बहिणीसारख्या असलेल्या निर्जलांनी बोटांवर सांगितले. जुना सात म्हणजेच नवा तीन, असे वॉर्ड कार्यालयाचे पत्र. बँकेत खाते. त्याच्या जोडीला डिमॅट खाते, म्हणजे संगणकातली पेटी, कारण शेअर आता कागदावर मिळत नाहीत, त्या पेटीत जमा होतात. आणि अर्जाची मुदत होती पुढच्या बुधवारपर्यंत. तो दिवस गुरुवार होता.

"एवढा खटाटोप दहा शेअरसाठी?" तिलसरा म्हणाल्या. "दोन हजार घे आणि मोकळी हो ना."

"पाणी बोगद्यात गेलं तेव्हापासून माझ्या शेताचा पाट अर्धा वाहतो, तिलसरा. गेलेलं पाणी मी परत आणू शकत नाही. पण ते जिथे गेलंय तिथे माझं नाव लागलं पाहिजे. भुसाल सरांचं नाही. माझं."

वॉर्डाचे सचिव जिल्ह्याच्या गावी, बेनीला गेले होते, ते रविवारी येणार होते. म्हणून शुक्रवारी सुनकेसरी पुन्हा दुकानात आल्या. कंपनीचे विवरणपत्र निर्जलांनी मोबाईलवर उघडले. शेअर काढणाऱ्या प्रत्येक कंपनीला असे पुस्तक काढावे लागते. पैसे कशाला हवेत, कर्ज किती आहे, काय बिघडू शकते, सगळे त्यात लिहावे लागते. फार थोडे लोक ते उघडतात. सुनकेसरींनी धोक्यांचे पान आधी वाचायला लावले.

"पूर येऊन बांध वाहून जाऊ शकतो," निर्जला वाचत होत्या. "दरड कोसळून बोगदा बंद पडू शकतो. थंडीत पाणी घटून वीज कमी होऊ शकते. त्यामुळे शेअरची किंमत शंभराच्या खाली जाऊ शकते."

"हे कुणी लिहिलंय?"

"कंपनीनेच. का?"

"खरं लिहिलंय. मागच्या पुरात माझा गोठा गेला. या नदीचं मला कुणी नव्याने सांगायला नको." मग त्या म्हणाल्या, "बुडाले तर दहा शेअरचे बुडतील. तेवढे मी सोसू शकते. त्याहून जास्त घालायचे नाहीत."

मित्रांनो, मी आजवर शेअरबाजाराबद्दल पुष्कळ बोलणी ऐकली. त्यांत याहून शहाणे काही ऐकले नाही.

आमच्याकडे आठवड्याची सुट्टी रविवारी नव्हे, शनिवारी असते. सुनकेसरी वरच्या वस्तीतून घरोघर हिंडल्या. रविवारी सकाळी वॉर्ड कार्यालयाच्या दारात त्यांच्याबरोबर आणखी दहा बायका होत्या. तिथे काय घडले ते त्यांनी नंतर माझ्यासमोरच निर्जलांना सांगितले. सचिव खिमानंदजींनी अकरा अर्ज पाहून हात झटकले. "एका दिवसात अकरा पत्रं? हा हात आहे की भात कापायचं मशीन?"

"हात तुम्ही चालवा. शिक्का आम्ही मारतो."

लिहिता लिहिता खिमानंदजी म्हणाले, "भुसाल सरसुद्धा असली बेचाळीस पत्रं घेऊन गेले गेल्या आठवड्यात."

"हीच पत्रं?"

"हीच. दुसरी कुठून आणणार? पत्र मागितलं की मिळतं. तुम्हाला मिळत नाही असं कोण म्हणालं?"

भुसाल सरांची वरची ओळख ती एवढीच होती.

पत्रे हातात पडायला दीड वाजला. वाटेत सगळ्यांच्या कागदांच्या नकला माझ्याकडून काढून त्या बँकेत पोचल्या. बँकेतल्या तरुण मॅडमनी गठ्ठा चाळला आणि मान वर केली.

"दिदी, हे चालणार नाही. बघा, ही काळी रेघ नेमकी नागरिकतेच्या नंबरावरून गेलीय. यातला तीन आहे की आठ, कळत नाही. बेनीला पाठवलं तर तिथून परत येईल."

"मग उद्या?"

"उद्याच्या गठ्ठ्यात गेलं तर खात्याचा नंबर बुधवारनंतर येईल. अर्जाची मुदत संपलेली असेल. आजचा गठ्ठा तीनच्या बसने जातो."

घड्याळात दोन वाजून वीस मिनिटे झाली होती. अकरा बायका धावत दुकानात आल्या. रेघ माझी होती. एवढी वर्षे ती कोणाच्या आड आली नव्हती, आणि आज अकरा जणींच्या आड आली होती.

निर्जलांनी काच पुसली. रेघ आली. पुडीचा डबा काढून हलवून परत बसवला. रेघ आली. माझे झाकण उघडून ड्रमवर हळूच कापूस फिरवला, आणि तरीही रेघ आली, तिथेच, तितकीच काळी. दुसरे यंत्र खालच्या बाजारात, दोन तास उतारावर.

"आता काय करायचं गं?" कोणीतरी रडवेल्या आवाजात म्हणाले.

सुनकेसरी बिघडलेल्या नकलांचा ढीग घेऊन बसल्या होत्या. त्यांनी दोन नकला एकमेकींवर ठेवल्या आणि दाराच्या उजेडात धरल्या. मग तीन. मग चार.

"बहिनी, ही रेघ प्रत्येक वेळी याच जागी येते?"

"हो, दिदी. बरोबर याच जागी."

"म्हणजे ती हलत नाही."

"नाही हलत."

"मग कागद हलव ना."

निर्जलांनी नागरिकतेचा कागद काचेवर आडवा केला आणि उजव्या कोपऱ्यात सरकवला. दिवा सरकला. नक्कल बाहेर आली. रेघ होती, पण ती कोऱ्या जागेतून खाली उतरली होती, आणि सगळे आकडे तिच्यापासून दूर, स्वच्छ बसले होते.

मग मी कामाला लागलो. अकरा नागरिकता, दोन्ही बाजू, आणि अकरा पत्रे. तेहतीस नकला. एक बाई कागद पुसून देई, दुसरी काचेवरचा उचलून घेई, निर्जला बटण दाबत. विसाव्या नकलेला वीज डळमळली, माझा दिवा पिवळा पडला. रूळ थंड झाला असता तर पूड वितळली नसती, बोट लागताच अक्षरे पुसली गेली असती. जेवढी ऊब साठली होती तेवढी मी धरून ठेवली. वीज सावरली. एकविसावी आली, बाविसावी आली.

बाहेर बसचा हॉर्न वाजला. सुनकेसरींची एक शेजारीण जाऊन बसच्या समोर उभी राहिली.

"सरका हो, आमा! वेळ झाली." ड्रायव्हर ओरडला.

"बँकेचा गठ्ठा यायचाय."

"गठ्ठ्याचं तिकीट काढलंय का?"

"काढते. त्याला खिडकीची जागा दे."

तीन वाजून सात मिनिटांनी गठ्ठा बसमध्ये चढला. माझ्या अंगातून धूर यायचा तेवढा बाकी राहिला होता. निर्जलांनी माझ्यावर हात ठेवला आणि तो चटकन काढून घेतला, इतका मी तापलो होतो. त्या दिवशी अंड्यांचे ट्रे माझ्यावर परत चढले नाहीत.

मंगळवारी अकरा मोबाईलवर खात्याचे क्रमांक आले. बुधवारी अर्ज गेले. अर्जाचे पैसे खात्यातच राहतात, बँक ते फक्त अडवून ठेवते. शेअर मिळाले तर जातात, न मिळाले तर मोकळे होतात. हे कळल्यावर सुनकेसरींनी मॅडमना तीनदा विचारून खात्री करून घेतली. बँकेच्या पायरीवर भुसाल सर भेटले.

"दिदी, भाव पडला तर रडत माझ्याकडे येऊ नका."

"कशाला येईन, सर? पडला तरी माझाच पडेल."

तीन आठवड्यांनी वाटप झाले. स्थानिकांचे अर्ज राखीव शेअरांपेक्षा कमी आले होते, त्यामुळे ज्यांचे अर्ज नीट होते त्या सगळ्यांना मिळाले. दुपारी दुकानासमोर बायका मका सोलत बसल्या होत्या. पहिला मोबाईल सुनकेसरींचा वाजला. मग शेजारचा, मग पलीकडचा. अकरा वाजले. कोणी मोबाईल कपाळाला लावला, कोणी निर्जलांना पेढे मागितले.

तिलसरा पुन यांनी आपला मोबाईल मांडीवर ठेवला होता. शेअर त्यांनाही मिळाले होते, त्यांच्याच नावावर, त्यांच्याच नागरिकतेवर. पण मेसेज बुटवलला गेला होता. बेचाळीस जणांचे मेसेज एकाच जाकिटाच्या खिशात वाजत होते. तिलसरा बराच वेळ वाट पाहत राहिल्या. मग मक्याचे एक कणीस सोललेले असतानाच पुन्हा सोलू लागल्या.

सुनकेसरी त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. "मी बँकेत विचारलंय. खातं तुझ्या नावाचं आहे. मोबाईलचा नंबर तू कधीही बदलू शकतेस."

"मी पैसे घेतलेत गं त्याचे. कागदावर अंगठा आहे माझा."

"तो करार तुझा आणि त्याचा. तीन वर्षांनी शेअर द्यायचे की त्याचे पैसे परत करायचे, ते समोरासमोर बसून ठरवा. मी बोलणार नाही. पण पेटी तुझी आहे. तिची किल्ली त्याच्या खिशात कशाला?"

"तो चिडेल."

"चिडू दे. बुटवलहून इथे यायला नऊ तास लागतात. अर्धा राग रस्त्यातच उतरेल."

नंबर बदलायच्या अर्जाला नागरिकतेची नक्कल लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत रांग लागली होती. अडतीस जण आले. उरलेले चौघे परगावी होते. निर्जलांनी पहिला कागद काचेवर ठेवला, आडवा, उजव्या कोपऱ्यात. त्या दिवसानंतर भुसाल सरांच्या मोबाईलवर आमच्या वस्तीतून नवा मेसेज गेला असेल तर तो त्या चौघांचा.

त्याच महिन्यात एका दुसऱ्या कंपनीचा आयपीओ सगळ्या देशासाठी निघाला. तिलसरांनी पहिल्यांदाच स्वतःचा अर्ज स्वतः भरला. सोडत झाली त्या दिवशी त्या मीठ घ्यायला दुकानात आल्या होत्या. मोबाईल वाजला. त्यांनी तो झटकन बाकावर बसलेल्या सुनकेसरींपुढे धरला. "काय आलंय बघ ना, दिदी."

सुनकेसरींनी पडद्यावर नजर टाकली आणि मोबाईल परत त्यांच्या हातात दिला. "तूच वाच. सावकाश. मी थांबते."

तिलसरा गेल्या महिन्यापासून प्रौढांच्या वर्गात जात होत्या. ओठ हलवत, बोट पडद्यावर फिरवत त्यांनी वाचायला सुरुवात केली. निर्जलांनी मिठाची पुडी हातात तशीच धरून ठेवली. "तुम्हाला... शेअर... मिळालेले... नाहीत." तिलसरांनी मान वर केली. आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या की समोरच्या थांब्यावरचा कंडक्टर वळून पाहू लागला.

"नाही मिळाले! दिदी, मला नाही मिळाले, आणि ते मलाच कळलं!"

मित्रांनो, मी अजून या कोपऱ्यात आहे. नवा ड्रम पोखऱ्याहून मागवला आहे, येईल तेव्हा येईल. जुन्या यंत्राला कधी कधी पुसत जा, चालवत जा, निजून राहण्यानेच आम्ही बिघडतो. आणि तुम्ही मोठे व्हाल, कुठल्या तरी अर्जावर तुमचे नाव लिहाल, तेव्हा घाईत असलेल्या माणसाला थांबायला सांगा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. काही विचारावेसे वाटले तर सगळ्या रांगेसमोर विचारा. नक्कल मी काढून देईन. पण मूळ कागद तुमचा आहे, तो दुसऱ्याच्या हाती देऊ नका.